‘औषध’, ‘गॅस’ आणि ‘पिकविणे’ : केळीबाजारातील तीन शब्द आणि अन्नसुरक्षेचा कायदा

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याच्या बाजारात कानी पडलेल्या दोन वाक्यांपासून प्रस्तुत विवेचनास आरंभ करणे सोयीचे होईल. एका वयस्क स्त्रीने केळीवाल्यास विचारले, “भाऊ, केळी औषधाची तर नाहीत ना?” केळीवाला उत्तरला, “नाही मावशी, औषधाची कुठली? गॅसची आहेत.” या उत्तराने बाईंचे समाधान झाले व त्यांनी डझनभर केळी पिशवीत घातली. संभाषण अहिराणीमिश्र होते. येथे ते प्रमाण मराठीत दिले आहे. परंतु ‘औषध’ आणि ‘गॅस’ हे शब्द जसेच्या तसे आहेत.

केळीवाल्याच्या उत्तराचे दोन अर्थ संभवतात. केळी एथिलीन वायूच्या बंदिस्त खोलीत पिकलेली असतील, तर तो खरे आणि निर्धोक असे काही सांगत होता. ती कार्बाइडच्या वायूने पिकलेली असतील, तर तो आपल्या तोंडाने अपराधाची कबुली देत होता. यांपैकी कोणता अर्थ खरा, हे ना त्या बाईंना कळले, ना मला. आणि कदाचित त्या विक्रेत्यासही ते ठाऊक नसावे, कारण माल त्याच्याकडे पिवळा होऊनच आला होता. अपायकारक रसायनांवर शासन जे नियंत्रण ठेवू पाहते, त्याचे एक टोक कायद्याच्या पुस्तकात आणि दुसरे टोक अशा दोन वाक्यांत असते. मधले सर्व अंतर शब्दांनीच कापावयाचे असते. ते अंतर खानदेशातील केळ्यांच्या बाबतीत कोठे कापले जाते आणि कोठे तुटते, हे पाहण्याचा येथे विचार आहे. रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा त्यातील जेवढे अगदी अवश्य आहे तेवढेच सांगतो.

कॅल्शियम कार्बाइड हा करड्या रंगाचा खड्यासारखा पदार्थ होय. त्यास पाणी, किंवा हवेतील नुसता ओलावा, लागला की ॲसिटिलीन वायू निघतो व चुना मागे उरतो. ही क्रिया व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1862 साली दाखविली; 1892 पासून विजेच्या भट्टीत कार्बाइड मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. दिव्यांसाठी आणि वेल्डिंगसाठी त्याचा प्रसार झाला. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की, कार्बाइडच्या पुड्या कच्च्या फळांत ठेवून वर झाकण घातले असता फळे लवकर रंग धरतात. याचे कारण असे की, फळ पिकताना स्वतःच एथिलीन वायू निर्माण करते आणि ॲसिटिलीन त्याची काहीशी नक्कल करते. साल पिवळी होते. गर मात्र पुष्कळदा मागे राहतो. परंतु मुख्य अपाय या नकलेत नाही. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात आणि त्यांपासून आर्सीन व फॉस्फीन हे विषारी वायू ॲसिटिलीनबरोबरच बाहेर पडतात. पुड्या हाताळणारा मजूर त्यांच्या सर्वांत जवळ असतो, ही गोष्ट ग्राहकाच्या काळजीत आपण बहुधा विसरतो.

आता कायदा पाहू. 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियमाखाली 1955 साली जे नियम झाले, त्यांत 44-एए या क्रमांकाचा नियम फळांविषयी होता. तो अधिनियम जाऊन 2006 चा अन्नसुरक्षा व मानके अधिनियम आला व 5 ऑगस्ट 2011 पासून त्याचा अंमल सुरू झाला. तरी हे वाक्य त्याखालील 2011 च्या विनियमांत 2.3.5 या क्रमांकाने जवळजवळ अक्षरशः कायम राहिले. त्याचा आशय असा : सामान्यतः कार्बाइड गॅस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲसिटिलीन वायूचा उपयोग करून कृत्रिमरीत्या पिकविलेली फळे कोणीही कोणत्याही वर्णनाखाली विकता कामा नये, विक्रीस मांडता कामा नये, अथवा विक्रीच्या हेतूने आपल्या जागेत ठेवता कामा नये.

भाषेच्या अभ्यासकास या एका वाक्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली, ‘सामान्यतः ओळखल्या जाणाऱ्या’ हे शब्द. कायदा सहसा लोकांची नावे घेत नाही. येथे त्याने ते नाव मुद्दाम जवळ केले आहे, कारण ॲसिटिलीन म्हटल्याने बाजारात कोणाला काही कळणार नाही हे मसुदा करणाऱ्यास ठाऊक होते. दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. नियमाने बोट ठेवले आहे ते ॲसिटिलीनवर. अपाय मात्र आहे त्याच्या सोबत्यांत. कोणी म्हणेल की, मग नियम चुकला. मला तसे वाटत नाही. आर्सीनचा अंश प्रत्येक हातगाडीवर कोण मोजणार? ज्याला नाव आहे आणि जे हाती सापडू शकते, त्यावरच निषेध बसविणे व्यवहारात शक्य असते. शब्द येथे खुणेचे काम करतो, व्याख्येचे नव्हे. तिसरी गोष्ट क्रियापदांची. ‘विकणे’, ‘मांडणे’, ‘ठेवणे’ या क्रियांना कर्ता आहे. ‘पिकविलेली’ हे मात्र कर्मणी धातुसाधित असून त्याचा कर्ता वाक्यात कोठेच नाही. फळ कोणी पिकविले हे वाक्य विचारीत नाही. ते कोणाजवळ सापडले एवढेच विचारते. सबब या वाक्याच्या कचाट्यात प्रथम येतो तो साखळीतील शेवटचा मनुष्य. गुदामात कार्बाइड आढळल्यास तो परिस्थितिजन्य पुरावा मानावा, अशी सूचना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अलीकडे अधिकाऱ्यांना दिली आहे. ती या उणिवेवरील उपाय म्हणून पाहण्यासारखी आहे.

‘गॅस’ या शब्दाचा घोटाळा 2016 नंतर वाढला. त्या वर्षी प्राधिकरणाने एथिलीन वायूचा उपयोग दहा लाख भागांत 100 भाग या मर्यादेपर्यंत करण्यास मोकळीक दिली आणि तसे परंतुक विनियमास जोडले गेले. यामागील शास्त्र जुने व पक्के आहे. एथिलीनचा वनस्पतींवरील परिणाम नेल्युबॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने 1901 साली ओळखला होता आणि पिकणारे फळ स्वतःच तो वायू सोडते हे गेन याने 1934 साली सिद्ध केले. रायपनिंग चेंबर म्हणून जी शीतगृहासारखी खोली आता ठिकठिकाणी दिसते, तीत ठराविक तपमान व ओलावा राखून एथिलीन सोडतात आणि फळाला त्याचेच काम थोडे आधी सुरू करावयास लावतात. म्हणजे कायद्याच्या एकाच विनियमात एक ‘गॅस’ निषिद्ध आणि दुसरा ‘गॅस’ विहित आहे. बाजारात मात्र विशेषण गळते व नाम उरते. ‘कार्बाइड गॅस’मधील ‘कार्बाइड’ गेले, ‘एथिलीन गॅस’मधील ‘एथिलीन’ तर कधी आलेच नाही. अशा रीतीने निषेध आणि परवानगी यांना बोलीत एकच शब्द उरला, आणि त्याचा लाभ कोणाला होतो हे सांगावयास नको.

त्यातच ‘कृत्रिम’ हे विशेषण दोन्हींना समान लागले आहे. इंग्रजी मसुद्यात तो शब्द केवळ ‘मनुष्याने घडवून आणलेले’ एवढेच सांगतो. मराठीत ‘कृत्रिम’ म्हटले की खोटेपणाची छटा येते. वस्तुतः मनुष्याने घडवून आणलेले पिकणे आपल्याकडे नवे नाही. आंब्याची अढी गवतात घालणे, केळीच्या घडांना बंद वखारीत धुरी देणे, हे सर्व त्याच जातीचे. धुरात एथिलीन असतोच. तो बाहेर निघून जाऊ नये म्हणूनच वखारीची दारे बंद ठेवीत. आजीने घातलेली अढी ‘नैसर्गिक’ आणि चेंबर ‘कृत्रिम’ हा भेद शास्त्राचा नव्हे, आपुलकीचा आहे. तो आपुलकीचा भेद मी तुच्छ मानीत नाही, परंतु कायद्याचा अर्थ त्याने लावू नये.

आता तिसऱ्या शब्दाकडे वळतो, कारण खानदेशाचे खरे दुखणे त्यात आहे. ‘पिकणे’ हे क्रियापद संस्कृत ‘पक्व’, प्राकृत ‘पिक्क’ या मार्गाने आले. ‘पक्का’ हा त्याचाच भाऊबंद होय. मराठीत या धातूला दोन अर्थ आहेत. ‘आंबा पिकला’ म्हणजे तो परिपक्व झाला. ‘यंदा कापूस चांगला पिकला’ म्हणजे त्याचे उत्पन्न चांगले आले. प्रयोजक रूप केले की, हे दोन अर्थ दोन भिन्न माणसांकडे जातात. शेतकरी केळी पिकवितो आणि व्यापारीही केळी पिकवितो. इंग्रजीत या दोन क्रियांना दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत. मराठीत संदर्भ सांभाळून घ्यावा लागतो. (धातूंविषयी बोलताना धुळ्याचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 साली येथेच निधन झाले आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने त्यांचा धातुकोश पुढे प्रसिद्ध केला. एका धातूवर किती लोकांचे बरेवाईट अवलंबून असू शकते, याचा विचार तो कोश चाळताना अनेकदा मनात येतो.)

हा निव्वळ व्याकरणाचा विनोद नाही. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळी घड हिरवे असतानाच कापतात. सावदा व रावेर येथून ती आगगाडीने किंवा मालमोटारीने दिल्लीपर्यंत जातात. ती पिवळी होतात ती पोहोचल्याच्या ठिकाणी. म्हणजे फळ पिकविण्याच्या क्रियेशी तापीकाठच्या शेतकऱ्याचा काडीचा संबंध नसतो. परंतु ‘रसायनाने पिकविलेली केळी’ असा मथळा वृत्तपत्रात छापून आला की, वाचक तो दोन्ही प्रकारे वाचतो, आणि जळगावच्या केळीविषयी मनात किंतु धरतो. 2016 साली ‘जळगाव केळी’स भौगोलिक मानांकन मिळाले. जे नाव गावाच्या मातीसाठी राखून ठेवले, त्याला परगावच्या गुदामातील पुडीचा डाग लागावा, ही गोष्ट साधी नाही. जाहीर सूचनांत एवढी काळजी सहज घेता येईल की, लागवडीविषयी लिहिताना ‘घेणे’ किंवा ‘लागवड करणे’ म्हणावे व ‘पिकविणे’ हे परिपक्व करण्याच्या अर्थापुरते ठेवावे. पारिभाषिक शब्द नवीन घडविण्याची हौस आपल्याकडे मोठी आहे. हातच्या दोन शब्दांत काम वाटून देणे त्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि ‘औषध’? या शब्दाचा मराठी खेड्यातील व्याप कोशांत पुरता आलेला नाही. दवाखान्यातील गोळी औषध. कपाशीवर मारावयाचे कीटकनाशक औषध. गवत जाळणारे औषध. ढेकणांचे, उंदरांचे औषध. आणि फळ पिकविणारी पूडही औषधच. ‘औषध मारले’ म्हणजे फवारणी केली. ‘औषध घेतले’ हे वाक्य मात्र आजाऱ्याविषयी असेल तर घरात सुटकेचा श्वास पडतो आणि कर्जबाजारी शेतकऱ्याविषयी असेल तर घर रडू लागते. वृत्तपत्रांनी यावर ‘विषारी औषध प्राशन करून’ असा तोडगा काढला आहे. विशेषण व नाम परस्परांना छेद देतात, तरी वाचकास त्यात काही खटकत नाही, इतका तो प्रयोग रुळला आहे. एका शब्दात उपाय आणि अपाय दोन्ही असणे ही मराठीचीच तऱ्हा नव्हे. ग्रीक ‘फार्माकॉन’ तसाच होता; ‘देणे’ या अर्थाच्या धातूवरून आलेला जर्मन ‘गिफ्ट’ हा शब्द आज विष दाखवितो. मात्रा हाच काय तो भेद, हे आपल्या वैद्यकातही मान्य आहे. परंतु मात्रेचा विचार वैद्याच्या हाती असतो. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या मजुराच्या हाती केवळ शब्द असतो.

कायद्याने या एका शब्दाचे तीन वाटे केले आहेत. दवाखान्याचे औषध 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाकडे, शेतातील औषध 1968 च्या कीटकनाशक अधिनियमाकडे, आणि फळाला लागलेले औषध 2006 च्या अन्नसुरक्षा अधिनियमाकडे. पहिल्या व तिसऱ्यासाठी महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासन, दुसऱ्यासाठी कृषी विभाग. खेड्यातील मनुष्याने ‘औषधाविषयी’ तक्रार करावयाची म्हटले तर कोणत्या दारी जावे, हा प्रश्न त्या कार्यालयाच्या नावानेच अधिक अवघड केला आहे. इथेफॉन या द्रव्याची स्थिती तर मासलेवाईक होय. शेतात ते वनस्पतिवाढ नियामक म्हणून 1968 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत बसते. त्यापासून एथिलीन निघतो, म्हणून वायूचा उगम या नात्याने, फळाला स्पर्श होणार नाही अशा विहित रीतीने, ते पिकविण्याच्या खोलीत ठेवता येते. पण त्याच्या पाण्यात केळी बुडविली की अपराध होतो. 2025 च्या मे महिन्यात प्राधिकरणाने अशा प्रकारांवर खटले भरण्याचा इशारा दिला. एकच बाटली तीन जागी तीन प्रकारची. बोलीत तिन्ही ठिकाणी ‘औषध’.

कीटकनाशकांचा कायदा ज्या घटनेतून निघाला, ती येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. 1958 साली केरळात व तेव्हाच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. जहाजात धान्याच्या पोत्यांशेजारी पॅराथिऑन हे कीटकनाशक ठेवले होते व ते गळून अन्नात उतरले होते. चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला गेला. त्यानंतर दहा वर्षांनी अधिनियम झाला आणि 1971 च्या नियमांनी वेष्टनावरील खुणा ठरविल्या. चौकोन कोनावर उभा करून त्याचे दोन त्रिकोण करावयाचे. खालच्यात रंग भरावयाचा : अतिविषारीस लाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. लालाच्या वर कवटी व आडवी हाडे आणि ‘विष’ हा शब्द. मजकूर हिंदी व इंग्रजीबरोबर त्या प्रदेशातील एकदोन भाषांतही हवा. नियम करणाऱ्यांनी वाचता न येणाऱ्याचा विचार केला होता, हे मान्य केले पाहिजे. तरीही 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्याची कारणे अनेक होती : मिश्रणे, उंच वाढलेली कपाशी, संरक्षक साधनांचा अभाव. त्या सर्वांचे खापर एका शब्दावर फोडणे अशास्त्रीय होईल. परंतु बाटलीवर ‘विष’ छापलेले असता दुकानदार, सल्लागार आणि घरचा वडीलधारा असे तिघेही त्याला ‘औषध’ म्हणत असतील, तर छापलेला शब्द हरतो, एवढे म्हणावयास हरकत नसावी. रिकाम्या डब्यात घरातील तेल भरले की तर खूणही पुसली जाते. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या जेवणातून 23 मुले गेली, ती मोनोक्रोटोफॉसच्या डब्यातील तेलाने.

केळ्याला तर वेष्टनच नाही. अपायकारक द्रव्यांविषयी आधुनिक राज्यांनी जी व्यवस्था उभारली, तिचा अर्धा भार वेष्टनावरील लेखावर आहे. सुट्या फळाच्या बाबतीत हा भार विक्रेत्याच्या जिभेवर येतो. जेथे वेष्टन आहे तेथेही एक विसंगती आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर प्रादेशिक भाषा बंधनकारक. खाद्यपदार्थाच्या पुड्यावर मात्र, 2020 च्या वेष्टनविषयक विनियमांनुसार, इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदी पुरे, मराठी ऐच्छिक. हिंदीची लिपी आमचीच असल्याने अक्षरे वाचता येतात व अर्थ कळल्यासारखा वाटतो. हे ‘वाटणे’ तपासून पाहण्याजोगे आहे.

‘भेसळ’ या शब्दाविषयी थोडेसे. 1954 च्या अधिनियमाच्या नावातच तो होता आणि लोकांच्या मनात अद्याप तोच कायदा आहे. भेसळ म्हणजे मिसळणे : हळदीत मेटॅनिल यलो, दुधात पाणी. कार्बाइडच्या पुडीने केळ्यात काही मिसळले जात नाही, वजन वाढत नाही, माप खोटे होत नाही. म्हणून “आम्ही भेसळ करीत नाही” असे एखादा वखारवाला छातीवर हात ठेवून सांगतो, तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. 2006 च्या अधिनियमाने ‘असुरक्षित अन्न’ ही कल्पना पुढे आणून फसवणुकीकडून अपायाकडे दृष्टी वळविली. परंतु ‘भेसळ’ला जी धार आहे ती ‘असुरक्षित’ला अजून आलेली नाही, दुसऱ्या शब्दाने कोणाला शिवी देता येत नाही.

‘औषध’ हा शब्द शेतातून हद्दपार करून सर्वत्र ‘विष’ म्हणावे, अशी सूचना माझ्या एका विद्यार्थ्याने केली होती. ती सरळ वाटते. पण एथिलीनला विष म्हणणे असत्य होईल आणि प्रत्येक फवारणीला विष म्हटल्यास तो शब्दही लवकरच बोथट होईल. त्यापेक्षा लाल व पिवळ्या त्रिकोणापुरता ‘विष’ हा शब्द कृषी विभागाच्या मराठी पत्रकांतून, सभांतून आणि दुकानांच्या पाट्यांतून न चुकता वापरला जावा. इतरत्र द्रव्याचे नाव घ्यावे. बाजारात नुसते ‘गॅस’ न म्हणता ‘चेंबरची केळी’ म्हणण्याची सवय लागली, तर तीत निदान एक पडताळून पाहता येण्याजोगे विधान आहे : चेंबर दाखविता येतो.

यासाठी आधी सामग्री हवी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी येत्या हंगामात रावेर, सावदा, शिरपूर, दोंडाईचा आणि धुळे येथील बाजारांत शब्दांची टिपणे करावीत. कच्च्या फळास पिकविण्याच्या प्रत्येक रीतीचे बोलीतील नाव, ते नाव उच्चारणारा शेतकरी की हमाल, वखारवाला की गिऱ्हाईक, बोली अहिराणी की लेवा की गुजरी, आणि तेच नाव तो शेतातील फवारणीलाही लावतो काय, एवढे स्तंभ पुरेत. प्रश्न विचारताना ‘कार्बाइड’ हा शब्द आपण होऊन उच्चारू नये. तो उच्चारताच संभाषण थांबते, असा माझा दोन वेळचा अनुभव आहे.